कौतुकफेरीतली खुर्ची

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दांडी कानामागे किती वाकवायची, नाकावर किती सैल ठेवायची, हे त्याला न मोजता कळतं. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना जाणवतो. हाच माणूस सुट्टीच्या दिवशी लाकूड हातात घेतो तेव्हा त्या बोटांना काय होतं, देव जाणे. टेबलाचे चार पाय कापायला बसला की चारही पाय आपापल्या मताचे निघतात. मग तो सगळ्यात उंच पाय थोडा कापतो. मग दुसरा उंच ठरतो. असं करत करत एकदा जेवायच्या टेबलाचा पाट झाला.

हौसेला मोल नसतं म्हणतात. ही म्हण काढणाऱ्याच्या घरी कोणी हौशी माणूस नसावा.

खाली माझी लाँड्री, मागच्या खोलीत मी, आणि वरच्या मजल्यावर हा आणि त्याची बायको, अशी आमची राहणी. वरची बाल्कनी त्याने बंद करून घेतली आणि तिथे करवती, रंधे, पटाश्या टांगल्या. त्याच्या करवतीचा भुसा खाली माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतो. गिऱ्हाइकं विचारतात, चादरीला हा लाकडासारखा वास कसला? मी सांगते, नवीन साबण आहे. भावासाठी माणूस किती खोटं बोलू शकतो याला सीमा नाही, आणि ही तर सुरुवात आहे.

वर गेलात तर त्याची कलाकुसर पावलोपावली भेटते. दारात टॉवेलचा स्टँड आहे, त्यावर टॉवेल टाकला की तो नम्रपणे वाकतो. फोन ठेवायला एक घोडा आहे, त्यात कोणताच फोन बसत नाही. पुस्तकं पडू नयेत म्हणून केलेले दोन टेकू आहेत, ते पडू नयेत म्हणून त्यांना पुस्तकं लावून ठेवलीत. आणि एक ट्रे आहे. त्याबद्दल पुढे बोलणारच आहे, पण मी नाही, माझी भावजय बोलेल.

ही भावजय म्हणजे गरीब गाय. त्याने काहीही करून आणलं की पदराने पुसायची आणि म्हणायची, “अय्या, किती सुरेख!” मी तोंड उघडायला जाई तर डोळ्यांनी दटावायची. एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं, “अगं, तुला खरंच आवडतं की तुलाही चष्मा लागलाय?” ती म्हणाली, “वन्सं, त्यांच्या दुकानात चष्मा छान बसला म्हणून सांगायला कोणी परत येत नाही. टोचतो, सैल झाला, डोकं दुखतं, हेच सांगायला येतात. दिवसभर तेच ऐकून येतात ते. घरी तरी कोणीतरी छान म्हणू दे की.” माझ्या दुकानात तरी कोण येतं शर्ट छान धुतला म्हणून सांगायला? पण मी घरी जाऊन खुर्च्या करत नाही.

बरं, घरचं कौतुक पुरेना म्हणून त्याला बाहेरचंही मिळालं. काष्ठमित्र मंडळ! दर महिन्याला दाताच्या डॉक्टरच्या गॅरेजमध्ये ही मंडळी जमतात. प्रत्येकाने स्वतःच्या हातांनी केलेली एक लहानशी वस्तू आणायची. ती हातोहात फिरवायची, आणि ज्याच्या हातात वस्तू येईल त्याने तिच्याबद्दल एक चांगला शब्द बोलायचा. याला म्हणतात कौतुकफेरी. दोष काढायचा नाही, हा मंडळाचा एकमेव नियम. तो का झाला तेही ऐका. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टरने मोठ्या हौसेने एक लाकडी चमचा करून आणला होता. कोणीतरी तो उलटासुलटा करून निरागसपणे विचारलं, “याने बूट चढवायचा ना?” डॉक्टरने पुढच्याच बैठकीत नियम केला. विचारणारा परत दिसला नाही. गॅरेज डॉक्टरचं, मग नियमही डॉक्टरचाच.

तेव्हापासून मंडळात सगळे कसे सुखात आहेत. डॉक्टर चमचे करतो, त्याने कोणी जेवत नाही. गणिताची मास्तरीण डबे करते. मापं दशांश चिन्हापुढे तीन घरांपर्यंत, झाकण मात्र लागत नाही. एक निवृत्त बसचालक आहे, तो खेळण्यातल्या बसच करतो. जन्मभर बस चालवून त्याची हौस भागली नाही, आणि त्याच्या लाकडी बसला चालायची हौस नाही. अहो रूपम्, अहो ध्वनिः! एकमेकांच्या पाठी थोपटून थोपटून यांचे हात दुखत असतील, पण कोणी थांबत नाही.

या कौतुकाची भाषा मला भाऊच ऐकवायचा, आणि मी मनातल्या मनात तिचा अर्थ लावायची. ‘लाकूड फार सुंदर निवडलंय’ म्हणजे ते तसंच दुकानात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. ‘मेहनत दिसते’ म्हणजे दुसरं काही दिसत नाही. ‘कल्पना वेगळी आहे’ म्हणजे ही वस्तू काय आहे ते कळलं नाही. भाऊ मात्र प्रत्येक शब्द तीर्थासारखा ओंजळीत घेऊन घरी यायचा.

तर अशा या सुखी संसारात त्याने एक स्टूल केलं. उंचावरची भांडी काढायला बायकोला सोयीचं पडावं म्हणून. मंडळात त्याची फेरी झाली, सगळ्यांना त्यात मेहनत दिसली, आणि स्टूल स्वयंपाकघरात आलं.

एके दिवशी सकाळी वरून धप्पकन आवाज आला. भाऊ दुकानात गेला होता. मी धावत वर गेले तर भावजय ओट्याखाली आडवी, एक पाय भलत्याच दिशेला, तोंड पांढरंफटक. बाजूला स्टूल पडलेलं आणि त्याचा एक पाय सांध्यातून सुटून दारापर्यंत गेलेला. मी फोन शोधायला लागले तर तिने माझा हात धरला. म्हणाली, “वन्सं, आधी ते स्टूल लपवा.”

माणसाचा खुबा मोडलाय आणि त्याला सुचतंय काय, तर स्टूल लपवा! मी म्हटलं, “अगं, मर मेले, तुला काही कळतं का?” ती म्हणाली, “तुम्हाला माझी शपथ आहे. ओल्या फरशीवर पाय घसरला असं सांगायचं. त्यांना कळलं तर ते पुन्हा कशाला हात लावणार नाहीत.” मी म्हटलं, “मग चांगलंच आहे की!” पण ती रडायला लागली, दुखण्याने की कशाने ते मला कळलं नाही. मी स्टूल उचललं, खाली नेलं आणि लाँड्रीच्या बॉयलरमध्ये घातलं. जळलं मात्र फार छान. लाकूड खरंच सुंदर निवडलं होतं.

हॉस्पिटलात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी भावाला स्टुलाची आठवण झाली. भावजयीने पडल्या पडल्या सांगितलं, “शेजारणीने नेलंय. तिला फार आवडलं.” झालं! पठ्ठ्याची छाती फुगली. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, ‘स्टूल शेजाऱ्यांना इतकं आवडलं की परत मिळण्याची आशा सोडली आहे.’ त्यावर टाळ्या, अंगठे, फुलं. शेजारीण बिचारी कधी आमच्या घरात पाऊल टाकत नाही, ती मंडळात प्रसिद्ध झाली.

पण खोट्याला पाय नसतात म्हणतात, ते खोटं आहे. या खोट्याला चांगले चार पाय फुटले, वर दोन हातही.

हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या बाईने सांगितलं होतं की घरी गेल्यावर पेशंटला खाली बसवायचं नाही. उंच खुर्ची हवी, मजबूत हातांची. उठताना सगळा भार खुर्चीच्या हातांवर टाकून उठायचं. पुन्हा पडली तर कठीण आहे, हेही तिने सांगितलं, हसत नाही तर चांगलं डोळ्यांत बघून. मी म्हटलं, पेशंटच्या सामानाच्या दुकानात अशी खुर्ची मिळते, आजच आणते. भाऊ म्हणाला, “ताई, विकत कशाला? मी करतो की. शेजारणीला माझं स्टूल आवडतं, आणि माझ्या बायकोने लोखंडाच्या खुर्चीवर बसायचं?”

मी भावजयीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि ती काय म्हणाली असेल? “करा ना. छानच होईल.”

त्या दिवशी मला तिचा इतका राग आला की घरी येऊन मी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर घासून घासून पातळ केली. मला बोलायची बंदी, ती बोलणार नाही, आणि हा वर खटाखट ठोकतोय. आता ही बाई त्याच्या हातच्या सांध्यांवर सगळा भार टाकून उठणार होती. मला रात्रंदिवस तो धप्पकन आवाज ऐकू यायचा.

खुर्ची झाली. दिसायला, खोटं कशाला बोलू, सुरेख. हातांना हंसाच्या मानेसारखा बाक, पाठीला नक्षी, वर चकचकीत पॉलिश. मी एका हाताला हात लावला तर तो किंचित हलला. “ताई, गोंद अजून ओला आहे, धक्का नको देऊस,” भाऊ म्हणाला. चार दिवसांनी लावला तेव्हाही गोंद ओलाच होता.

भावजय घरी यायच्या आधी खुर्चीची कौतुकफेरी व्हायची होती. खुर्ची हातोहात फिरवण्याएवढी लहान नव्हती, पण दुःखाच्या प्रसंगी मंडळाने सवलत दिली. न्यायला गाडी हवी, आणि गाडी माझी, लाँड्रीची. म्हणून मी पहिल्यांदा त्या गॅरेजात गेले.

खुर्ची मध्ये ठेवली. सगळे भोवती. भाऊ हातात पॉलिशचं फडकं घेऊन नव्या नवरदेवासारखा उभा. डॉक्टर म्हणाला, “लाकूड फार सुंदर निवडलंय.” मास्तरीण म्हणाली, “किती मेहनत!” बसचालक म्हणाला, “बाक काय काढलाय!” मी त्यांचे डोळे बघत होते. तिघांचेही डोळे त्या हाताच्या सांध्यावर जाऊन परत फिरत होते, जसं कोणाच्या दाताला काही लागलं असलं की आपले फिरतात.

मग डॉक्टर म्हणाला, “ताईंनीही एक चांगला शब्द बोलावा.”

मी म्हटलं, “खुर्ची मोठी आहे. आता तुमच्यापैकी कोणीतरी तिच्यात बसा, आणि दोन्ही हातांवर भार देऊन उठून दाखवा. माझी भावजय तशीच उठणार आहे.”

डॉक्टर म्हणाला की नव्या पॉलिशवर डाग पडेल. मास्तरीणबाईंचे गुडघे त्याच क्षणी धरले. बसचालक म्हणाला, “मी आत्ताच जेवून आलोय.”

मी पर्समधून खडू काढला. लाँड्रीत कपडा घेताना आम्ही गिऱ्हाइकाच्या समोरच डागाभोवती खडूने गोल काढतो. पहिल्यांदा लोकांना राग येतो, पण नंतर भांडण होत नाही. मी म्हटलं, “तुमच्या मंडळात वाईट बोलायचं नाही. नका बोलू. खडूबद्दल नियमात काही आहे का?”

डॉक्टरने विचार केला. नियम त्यानेच केला होता, त्यामुळे विचार करायला वेळ लागला. म्हणाला, “तसं काही नाही.”

“मग ज्या जागी भार द्यायला तुम्हाला भीती वाटते, तिथे खूण करा.”

मी खडू मास्तरीणबाईंपुढे धरला. जन्मभर फळ्यासमोर उभी राहिलेली बाई, खडू दिसल्यावर हात मागे कसा राहील? तिने पुढे होऊन उजव्या हाताच्या सांध्याभोवती गोल काढला. मग जरा थांबून डाव्या. मग सवयीने त्याखाली दोन रेघाही ओढल्या. बसचालकाने खडू घेतला आणि मागच्या पायाच्या बाकावर फुली मारली, कारण तिथे लाकडाच्या रेषा आडव्या गेल्या होत्या, आणि तिथे तो पाय कधीही बिस्किटासारखा तुटला असता. डॉक्टरने बोटाने टकटक करत खालच्या दांड्या तपासल्या, किडकी दाढ सापडावी तसा थबकला आणि तिथे गोल केला. मग कोणाला आवरेना. वर्षानुवर्षांचे गिळलेले मूग बाहेर पडत होते. थोड्या वेळात खुर्ची पांढरी झाली.

भाऊ जागचा हलला नाही. शेवटी म्हणाला, “हे सगळं तुम्हाला दिसत होतं?”

“आल्या आल्याच,” बसचालक उत्साहात म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही माझ्या बसबद्दल कधी बोललात?”

भाऊ म्हणाला, “तुमची बस डावीकडे कलते. सगळ्याच बस कलतात.”

“आणि हे तुम्ही मला कधी सांगणार होतात?” बसचालक ओरडला. मग मास्तरीणबाई झाकणांबद्दल बोलल्या, कोणीतरी बुटाचा विषय काढला आणि डॉक्टर लालबुंद झाला. मंडळाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. आम्ही खुर्ची तिथेच सोडून निघालो.

गाडीत तो हातातलं फडकं बोटांना गुंडाळत बसला होता. मला वाटलं, आता माझ्यावर उखडणार. मी उत्तरं तयार ठेवली होती, एकापेक्षा एक झणझणीत. पण तो समोर बघत म्हणाला, “स्टुलालाही मी असेच सांधे केले होते.”

मी गाडी चालवत राहिले.

“ताई, स्टूल शेजारणीकडेच आहे ना?”

मी म्हटलं, “मला शपथ घातलेली आहे.”

शपथ मी मोडली नाही, हे लक्षात घ्या. पण तो समजायचं ते समजला. त्याने पॉलिशचं फडकं तोंडाला लावलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. माझी सगळी झणझणीत उत्तरं वाया गेली. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. इतक्या वर्षांत मी त्याला एवढं टाकून बोलले, पण त्याला असं मोडलेलं बघायची माझी कधीच इच्छा नव्हती.

भावजय घरी आली तेव्हा खोलीत लोखंडाची खुर्ची होती. करडी, ओबडधोबड, दवाखान्याचा वास येणारी. मी आणि तो दोघांनी तिच्यात पाळीपाळीने बसून, हातांवर सगळा भार देऊन उठून पाहिलं होतं. माझा भार काही थोडाथोडका नाही. खुर्ची तसूभर हलली नाही.

आम्ही तिला धरून बसवलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “अहो, आणि तुमची खुर्ची?”

“ती बसण्यासारखी नाही,” भाऊ म्हणाला.

“असं काय म्हणता? फोटोत किती सुरेख दिसत होती.”

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. म्हणाला, “ही कशी आहे?”

“छान आहे.”

“खरं सांग.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याची घडी नीट करायला लागले. पडदा धुऊन मीच लावला होता, त्यात नीट करण्यासारखं काही नव्हतं.

“पाठीला जरा टोचते,” ती हळूच म्हणाली.

त्याने उठून उशी आणली, तिच्या पाठीमागे नीट बसवली आणि पुन्हा खाली बसला. “अजून?”

“अजून काही नाही.”

“खुर्चीचं नाही विचारत. घरातलं सांग.”

तिने पाठीमागची उशी चाचपली. मग म्हणाली, “टॉवेलच्या स्टँडची कुसळं बोटात जातात.” तो ऐकत राहिला. “खालचा खण उघडत नाही. मी डावाचा दांडा घालून उघडते.” तो ऐकत राहिला. “आणि तो ट्रे. तो एका बाजूला उतरता आहे हो. चहा सांडतो, म्हणून मी कप अर्धेच भरून आणते, आणि तुम्ही मला सगळ्यांसमोर चिक्कू म्हणता.” एवढं बोलून तिला हसू आलं. मीही हसले. तो हसला नाही.

“आणि स्टूल?” त्याने विचारलं.

तिचं हसू गेलं. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं, या वेळी रागाने. मी म्हटलं, “मी एक अक्षर बोलले नाहीये.”

“तू खाली पडली होतीस,” तो म्हणाला, “पाय मोडला होता, आणि तुला स्टूल लपवायचं सुचलं?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाटू दे ना गं मला वाईट.”

ऑपरेशनच्या आधी, नंतर, टाके काढताना, पहिलं पाऊल टाकताना, ज्याने विचारलं त्याला या बाईने ‘बरी आहे’ म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांना, नर्सला, मला, सगळ्यांना. आता तिने दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर आपटल्या.

“फार दुखलं हो मला,” ती म्हणाली. “अजून दुखतंय.”